शिकून राह्यला

त्यांची आठवण आली की आजही माझं डोकं आधी तापतं. बाकी जे काय वाटायचं ते नंतर वाटतं. आम्ही दोघं बरीच वर्षं एका कॉलेजात होतो. त्यातली निम्मी तरी मी "सर, मार्क द्या, सर, मार्क द्या" असं म्हणत त्यांच्या मागे फिरण्यात घालवली असतील. मी इंग्रजी शिकवायचो आणि परीक्षा विभाग माझ्या गळ्यात होता. ते अर्थशास्त्र शिकवायचे आणि मार्क द्यायचे नाहीत.

उत्तरपत्रिका मात्र ते तपासत. इतक्या तपासत की बघवत नसे. एकेका पोराच्या पेपरावर तास तास घालवायचे. पण शेवटी वर आकडा नाही, खाली सही नाही. समासात फक्त पेन्सिलीनं एक शब्द लिहिलेला असायचा, ठिकठिकाणी: 'काऊन?'

मी मूळचा वाईचा. बुलढाणा जिल्ह्यात नोकरीला येईपर्यंत हा शब्द माझ्या कानांवर पडला नव्हता. पहिल्यांदा ती उत्तरपत्रिका हातात आली तेव्हा मला वाटलं, काऊन हे एखाद्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचं नाव असेल आणि पोरानं त्याचा दाखला द्यायचा राहिला असेल. मी तसं त्यांना विचारलंही. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि म्हणाले, "काऊन म्हंजे का. तुमच्याकडे पोरं 'का' नाही इचारत काय?"

पोरं त्यांना काऊनसर म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

नवा महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. तालुक्यातालुक्याला कॉलेजं निघत होती आणि मिळेल त्या जागेत भरत होती. आमचं भरायचं एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात. छपराच्या कैच्यांमध्ये जुना कापूस अडकून राहिला होता. वारा सुटला की तो हळूहळू वर्गात उतरायचा, फळ्यावर, टेबलावर, माझ्या शेक्सपिअरवर. काऊनसर त्या कापसातच उभे राहून शिकवायचे. ठेंगणे, जाडसर, धोतर आणि बंद गळ्याचा कोट. बाकीच्या प्राध्यापकांच्या खिशाला पेन असायचं. यांच्या खिशात दातांनी चावलेल्या दोन पेन्सिली आणि एक रबर.

त्या रबरानं आमच्यावर एकदा चांगलाच प्रसंग आणला. त्यांची पद्धत अशी की, समासात 'काऊन?' लिहायचं आणि पेपर पोराला परत करायचा. पोरानं घरी विचार करायचा, पुन्हा यायचं, उत्तर सुधारून दाखवायचं. पटलं की सर खिशातून रबर काढून तो 'काऊन' पुसून टाकणार. असं करत करत सगळे काऊन पुसले गेले की तो पेपर पूर्ण झाला. म्हणजे ज्या पोरानं सगळ्यात जास्त मेहनत केली, त्याचा पेपर सगळ्यात कोरा.

आणि नेमके तेच पेपर त्यांनी विद्यापीठाच्या तपासणी समितीपुढे ठेवले. कॉलेजची मान्यता त्या समितीच्या हातात होती. समितीतल्या गृहस्थांनी एक पेपर उघडला, दुसरा उघडला, पाच-सहा चाळले आणि चष्मा काढून प्राचार्यांना म्हणाले, "हे तपासलेलेच नाहीत!" आमचे प्राचार्य पुण्याहून निवृत्त होऊन आलेले, शिस्तीचे. त्यांचा चेहरा पांढरा पडला. काऊनसर मात्र खूश. "हाव ना," ते म्हणाले, "इतके तपासले का आता तपासाले काही उरलंच नाही." तो पुसलेला कागद उजेडात धरून पेन्सिलीच्या खुणा दाखवता दाखवता माझी दुपार गेली.

अभ्यासक्रमाचंही तेच. विद्यापीठानं नेमलेल्या पुस्तकात पहिल्या प्रकरणात अर्थशास्त्राच्या व्याख्या होत्या आणि शेवटच्या प्रकरणात शेती, सहकार, बाजार. दर वर्षी व्याख्यांमध्ये पावसाळा जायचा. दिवाळीनंतर पोरं कापूस वेचायला आपापल्या शेतात जायची. आणि शेवटचं प्रकरण कुणाच्याच वाट्याला यायचं नाही. काऊनसरांनी एका वर्षी पुस्तक उलटं केलं. शेवटचं प्रकरण जूनमध्ये, व्याख्या माघात. मला कळलं कसं, तर सहामाहीला मी वेळापत्रकाप्रमाणे बाहेरच्या प्राध्यापकाकडून व्याख्यांवर प्रश्नपत्रिका काढून घेतली आणि सगळा वर्ग माझ्याकडे तोंड वासून बघत बसला.

"सर, निदान मला सांगायचं तरी!" मी ओरडलो.

"तुमाले सांगतलं असतं तं तुम्ही नाही म्हनले असते," ते शांतपणे म्हणाले. "वेचनीच्या टायमाले कोन येते वर्गात? जे कामाचं हाय ते आधी शिकवतो. व्याख्या काय, परीक्षेच्या आदल्या हप्त्यातही पाठ होतात."

त्यांनी विद्यापीठाला तसं लांबलचक पत्रही लिहिलं होतं: अभ्यासक्रम आखताना हंगाम बघावा. त्याचं उत्तर आलं नाही. त्यांचं म्हणणं चूक होतं असं मी म्हणत नाही. पण बरोबर असणाऱ्या माणसाबरोबर रोज काम करणं काय असतं हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. आता ते नाहीत, आणि इतकं मनापासून चिडावं असं कुणी आसपास उरलं नाही.

आता गुलाबराव मास्तरांचं सांगतो, कारण माझा सगळ्यात जास्त संताप आणि बाकी जे काही, ते सगळं त्यांच्यापाशीच येऊन थांबतं.

गुलाबराव मास्तर आमचे विद्यार्थी. वय तिशीच्या पुढे. अमडापूरच्या प्राथमिक शाळेत मास्तर होते. बी.ए. झालं तर हायस्कूलवर जाता येणार होतं. त्यासाठी त्यांनी शेवटच्या वर्षाला बिनपगारी रजा काढली होती. रजा एकाच वर्षाची. पुन्हा मिळणार नाही असं शाळेनं स्पष्ट सांगितलं होतं. त्यामुळे यंदा विद्यापीठाच्या परीक्षेला बसायचं आणि पास व्हायचं, नाहीतर चौथीच्या वर्गात परत, कायमचं.

टोपी घालून ते पोरांमध्ये पहिल्या बाकावर बसत. वर्षानुवर्षं पाट्यांवर मार्क दिलेला माणूस. आकड्याशिवाय त्याला चैन पडायची नाही. पेपर परत मिळाला की काऊनसरांच्या मागे जायचे. "सर, किती पडले?"

"पडाले काय ते बोरं हायत?"

"तसं नाही सर, अंदाजानं सांगा. आकडा द्या ना मले."

"काऊन?"

मास्तर हात जोडून माझ्याकडे बघायचे. मी काय करणार? माझ्या विषयात मी त्यांना दर वेळी चोख आकडा देत होतो. छत्तीस, अडतीस, सदतीस. पस्तिसाला पास. मास्तर तो आकडा घेऊन समाधानानं जायचे, आणि मला वाटायचं, निदान एका विषयात तरी या माणसाला न्याय मिळतोय.

माघात पूर्वपरीक्षा झाली. नियम असा होता की पूर्वपरीक्षेत एका जरी विषयात जो नापास होईल त्याचा फॉर्म विद्यापीठाकडे पाठवायचा नाही. त्याचं वर्ष तिथंच संपलं. सगळ्यांचे आकडे आले. काऊनसरांचे नाहीत. मी विनवलं, चिडलो, शेवटी म्हटलं, "सर, नावापुढे काहीतरी लिहून द्या हो! कार्यालयात द्या, फॉर्म पाठवायचेत!" आणि दुसऱ्या दिवशी दाढ काढायला खामगावला गेलो.

त्यांनी लिहून दिलं. खरंच दिलं. वर्गाची यादी घेतली, पहिल्या नावापुढे लिहिलं 'शिकून राह्यला'. पुढच्या नावांपुढे कंटाळा आला म्हणून नुसतं 'राह्यला', 'राह्यला', 'राह्यली'. आणि ती यादी कार्यालयातून सरळ प्राचार्यांच्या टेबलावर गेली.

वऱ्हाडात कुणी 'शिकून राह्यला' म्हटलं तर त्याचा अर्थ तो शिकतो आहे, शिकणं चालू आहे. सरांच्या मनात तेवढंच होतं. पण आपण सगळे नापासाला काय म्हणतो? गणित राहिलं, इंग्रजी राहिली, पोरगा राहिला. प्राचार्यांनी पुणेरी डोळ्यांनी यादी वाचली. पहिला शिकूनही राहिला. बाकीचे तर राहिलेच. ते शिपायाला म्हणाले म्हणे, "शुद्धलेखन सोडा, पण अर्थ स्वच्छ आहे." आणि दुपारी फळ्यावर नोटीस लागली: अर्थशास्त्राचा अख्खा वर्ग नापास, कुणाचाही फॉर्म पाठवला जाणार नाही.

मी संध्याकाळी सुजलेला गाल आणि तोंडात कापसाचा बोळा घेऊन परतलो तर गोदामाबाहेर पोरांचा गलका. आत प्राचार्य आणि काऊनसर समोरासमोर.

"तुमच्याच शब्दांत लिहिलंय मी!" प्राचार्य यादी नाचवत होते. "हे बघा. राहिला, राहिला, राहिली!"

"राह्यला, साहेब! राहिला नाही, राह्यला! शिकून राह्यला! अजून चालू हाय ना त्याचं!"

"मग झालं की नाही?"

"तेच तं सांगून राह्यलो, होऊन राह्यलं!"

मला हसू यायला हवं होतं. पण काढलेल्या दाढेची जागा ठणकत होती. मी कागदावर लिहून प्राचार्यांना समजावलं, आणि नोटीस फळ्यावरून उतरवली गेली. प्राचार्यांनी बजावलं: परवा सकाळी कारकून फॉर्म घेऊन विद्यापीठाला निघेल, त्याआधी आकडे आले पाहिजेत. काऊनसरांनी मान खाली घालून हो म्हटलं. मग मान वर करून म्हणाले, "पन आकडा मी पोराच्या समोर देईन. मांगं नाही देत."

पोरं सगळी गावातच होती, त्यांचे आकडे त्याच रात्री समोर बसवून झाले. नव्हते ते फक्त गुलाबराव मास्तर. नोटीस वाचून ते अमडापूरच्या बसमध्ये बसले होते. रजा रद्द करून शाळेत परत रुजू होणार म्हणून. त्यांच्या फॉर्मवर सहीही व्हायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, माझा सुजलेला गाल आणि काऊनसर असे एस.टी.नं अमडापूरला निघालो. मला बोलता येत नव्हतं, म्हणून सारा रस्ता ते बोलले. नापास हा शब्दच भाषेतून काढायला पाहिजे, विद्यापीठानं वर्षातून एकदा पेपर घेण्यापेक्षा दर महिन्याला पोराशी बोललं पाहिजे, 'राह्यला'चे दोन अर्थ होतात यात आपला काय दोष. माझ्या मनात जे जे होतं ते सगळं त्या कापसाच्या बोळ्यामागे अडकलं होतं. ते बोललो असतो तर पुढची काही वर्षं आमचं बोलणं बंद राहिलं असतं.

मास्तर चौथीच्या वर्गात होते. फळ्यावर पाढे लिहीत होते. रुजू होण्याचा अर्ज त्यांनी सकाळीच हेडमास्तरांकडे दिला होता. तो अजून पुढे गेला नव्हता, एवढंच आमचं नशीब. आम्हाला दारात पाहिल्यावर त्यांनी खडू खाली ठेवला नाही.

"गुलाबराव," काऊनसर म्हणाले, "कोनं सांगतलं तुले का तू नापास झाला?"

"तुम्हीच लिवलं ना, सर."

"अरे, म्या शिकून राह्यला लिवलं! तुह्याच बोलीत लिवलं, अन् तुलेच नाही समजलं?"

मास्तर वळले. इतक्या दिवसांत मी त्यांचा आवाज कधी चढलेला ऐकला नव्हता. "कसं समजंल, सर? या पोराले मी दहापैकी चार देतो. रडते, पन त्याले कळते का चार पडले, उद्या सहा पायजेत. तुम्ही वर्षभर मले काऊन, काऊन इचारलं. मी उत्तर आनलं, तुम्ही पुसलं, की दुसरा काऊन तयार. मी बरा आहो का वाईट आहो, हे एकदा तरी सांगतलं काय? मले इथं घरदार हाय, सर. रजा एकच हाय. नोटीस वाचली अन् मले वाटलं, बराबरच असंल. आपन राह्यलोच असू."

मला त्या क्षणी मास्तरांना मिठी मारावीशी वाटली. जे मी इतकी वर्षं घसा फोडून सांगत होतो ते कुणीतरी एकदाचं त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं. पण सरांकडे पाहिलं आणि तो आनंद टिकला नाही. ते एकदम म्हातारे दिसायला लागले.

"हे मले आधी काऊन नाही सांगतलं?" ते हळू म्हणाले.

"तुम्ही सारं इचारलं, सर. हे कवा इचारलं?"

सर दारातून आत आले आणि पोरांच्या शेजारी जमिनीवर बसले. धोतराची पर्वा केली नाही. पिशवीतून मास्तरांचा पूर्वपरीक्षेचा पेपर काढला. मास्तरांना समोर बसवलं आणि पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली. चौथीची पोरं भोवती गोळा झाली. त्यांच्या मास्तरांची परीक्षा चालली आहे हे त्यांना कळलं होतं आणि एकही जागचं हललं नाही. "गावचा भाव शहरात जाऊन काऊन वाढते?" सर विचारत होते, मास्तर सांगत होते. अडत, हमाली, गाडीभाडं, साठवण. सांगता सांगता त्यांचा राग कुठंतरी गेला आणि ते हातवारे करायला लागले. मी घड्याळ बघत होतो. परतीची बस चुकली तर फॉर्म चुकणार होते. मी खुणा केल्या, खोकलो. दोघांपैकी कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.

शेवटी सरांनी पेपर मिटला. "आता तूच सांग, गुलाबराव. किती?"

मास्तर घाबरले. कपाळ पुसलं. भीत भीत एक आकडा सांगितला, पासाच्या जरासा वरचा.

"कमी सांगून राह्यला बे," सर म्हणाले, आणि त्याहून बराच मोठा आकडा लिहिला. पेन्सिलीनं. विद्यापीठाला शाई लागते. मी त्यांच्या हातातून कागद ओढून घेतला आणि त्या आकड्यावरून पेन फिरवलं, रबर बाहेर यायच्या आत. मास्तर तो आकडा बघत बसले. मग त्यांनी फॉर्मवर सही केली आणि हेडमास्तरांकडून आपला अर्ज परत घेतला.

त्यानंतर काऊनसर पेपरावर आकडा द्यायला लागले. खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात, 'आजचा' असं लिहून. पुढच्या आठवड्यात पोरगा पुन्हा आला की तो पुसून नवा आजचा. माझ्या रजिस्टरात खाडाखोड करायला जागा उरेना. पण आकडा देत होते, आणि मी गप्प बसलो.

उन्हाळ्यात निकाल लागला. अर्थशास्त्राचा सगळा वर्ग पास. गुलाबराव मास्तरांना त्यात वर्गात सगळ्यात जास्त मार्क. आणि मास्तर नापास. इंग्रजी राहिली.

निकालाचा कागद माझ्या टेबलावर होता. काऊनसर दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता टोमणा मारतील; मारला असता तर बरं झालं असतं, मी उत्तर दिलं असतं. त्यांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. विचारलं, "काऊन?"

"पेपर अवघड होता," मी म्हणालो.

ते मान हलवून निघून गेले. त्या मान हलवण्याचा मला इतका राग आला की दिवसभर मी कुणाशी धड बोललो नाही.

मास्तरांची रजा संपली होती. ते अमडापूरला चौथीवर परत गेले होते. एक वाट अजून होती: इंग्रजीचा तेवढा पेपर दिवाळीआधी पुन्हा देता येणार होता, रजेशिवाय, शाळा सांभाळून. तो गेला की हायस्कूलही गेलं. जुलैतल्या एका रविवारी ते माझ्या घरी आले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पिशवीतून माझे वर्षभराचे पेपर काढले. नीट घडी घालून जपलेले. छत्तीस, अडतीस, सदतीस. प्रत्येकावर माझा लाल आकडा, त्याखाली माझी सही. आतली पानं मी उलटली. समास सगळे कोरे होते. आणि ते पुसलेले नव्हते.

मी सवयीनं लाल पेन उघडलं. "सांगतो किती पडले असते ते," मी म्हणालो.

"आकडा नको, सर," मास्तर म्हणाले. "मी कुठी चुकून राह्यलो, ते सांगा." आणि खिशातून एक पेन्सिल काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

कुणाची ते विचारायची गरज नव्हती. वर दातांच्या खुणा होत्या. त्या माणसाला मी मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या, पहिलं पान उघडलं आणि समासात लिहिलं, 'काऊन?'